पडद्याआड पोहोचलेली सरकारी नोकर : कॉर्नेलिया सोराबजी

संडे स्कूलच्या वर्गात थोर ख्रिस्ती जनांची चरित्रे सांगण्याची आपल्या मंडळ्यांत जुनी रीत आहे. त्यांत मिशनरी असतात, डॉक्टर असतात, शिक्षिका असतात, कवी असतात. सरकारी नोकर मात्र क्वचितच आढळतो. कचेरीत बसून फायली हाताळणाऱ्याचे काम देवाच्या कामात जमेस धरायचेच नाही, असा काहीसा आपला समज झालेला दिसतो. आज आपल्या मंडळ्यांतील मुलेमुली पदवी घेऊन समाजकल्याण, महिला व बालविकास अशा खात्यांच्या परीक्षांना बसत आहेत, काही नोकरीस लागलीही आहेत. त्यांच्यापुढे ठेवावे असे एक चरित्र आपल्याच घरचे आहे. नाशिकात जन्मलेल्या, बेळगावात व पुण्यात वाढलेल्या या बाईंचे नाव वकिलीच्या इतिहासात घेतले जाते. आपल्या उपासनामंदिरांत ते फारसे कोणी घेत नाही.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणी ख्रिस्ताला स्वीकारल्याबद्दल त्यांना आपल्या समाजाकडून पुष्कळ सोसावे लागले. पुढे ते चर्च मिशनरी सोसायटीच्या कामात होते. आई फ्रान्सिना हिला लहानपणी फोर्ड नावाच्या इंग्रज कुटुंबाने वाढविले होते. त्या घरच्या बाईंचेच नाव तिने आपल्या या मुलीला दिले. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले आणि त्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र बसविले. बहिणींपैकी सुझी हिने पुण्यात सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा स्थापन केली, अ‍ॅलिस डॉक्टर झाली. घरच असे होते की मुलीने काही करावे की नाही असा प्रश्न तेथे निघतच नसे. काय करावे एवढेच ठरवायचे.

कॉर्नेलियाबाईंपुरते ते लहानपणीच ठरले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. आईकडे एक श्रीमंत गुजराती विधवा आली. तिच्या इस्टेटीची व्यवस्था पाहणाऱ्या कारभाऱ्याने कागदावर तिची सही घेऊन मालमत्ता बळकावली होती. सही कशावर केली हे तिला ठाऊक नव्हते, आणि विचारावे तर कोणाला? परपुरुषासमोर येण्याची तिला मुभा नव्हती, आणि वकील तर सारेच पुरुष. आईने तिचे सांत्वन केले, पण सांत्वनाने जमीन परत येत नाही. अशा बायकांना साहाय्य करायचे असेल तर कायदा शिकला पाहिजे, हे त्या दिवशी मुलीच्या मनावर कोरले गेले.

डेक्कन कॉलेजात त्या पहिल्याच विद्यार्थिनी. वर्गातल्या मुलांनी दार लावून घ्यावे आणि त्यांनी ते उघडून आत जाऊन बसावे, असे प्रकार झाले. तरीही मुंबई विद्यापीठाच्या पदवीच्या परीक्षेत त्या पहिल्या वर्गात आल्या. त्या विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. गुणांत अव्वल येणाऱ्यास इंग्लंडात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती यांना मिळाली नाही, कारण एकच, त्या बाई होत्या. वय विशी ओलांडून थोडेसेच पुढे, हाती पहिल्या वर्गाची पदवी, आणि सरकारचे दार बंद! त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविण्याची हंगामी जागा घेतली. पुरुषांच्या कॉलेजात, आपल्याच वयाच्या तरुणांपुढे, उभे राहून शिकवायचे. आजही एखादी तरुण पदवीधर पहिल्या नेमणुकीवर बिचकते; मग १८८८ साली काय असेल याचा विचार करावा.

इंग्लंडातील काही मंडळींना हा अन्याय रुचला नाही. लेडी मेरी हॉबहाऊस यांनी १८८८ साली टाइम्स पत्रातून मदतीचे आवाहन केले. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न होते. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. बेंजामिन जोएट या वृद्ध विद्वानाने त्यांना पाठबळ दिले. १८९२ साली बी. सी. एल. ही कायद्याची परीक्षा पुरुष विद्यार्थ्यांबरोबर बसून देता यावी म्हणून विद्यापीठाला ऐन परीक्षेच्या तोंडावर खास ठराव करावा लागला. ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही, कारण स्त्रियांना पदवी देण्याची तेव्हा तेथे रीत नव्हती. ती पदवी हाती आली १९२२ साली, तीस वर्षांनी!

त्या भारतात परतल्या आणि पुढची दहा वर्षे दारोदार गेली. काठेवाड व इंदूर येथील संस्थानांत ब्रिटिश एजंटांपुढे पडदानशीन स्त्रियांच्या वतीने अर्ज मांडण्याची त्यांना खास परवानगी मिळाली. पण ती परवानगी मेहेरबानीची होती, हक्काची नव्हती. म्हणून त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. केली, मग १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. परीक्षेला बसू दिले जाई, पण सनद कोणी देईना. लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दाराशी पुनःपुन्हा जाते, तो दृष्टांत आपण शिकवितो तेव्हा चिकाटीच्या प्रार्थनेवर भर देतो, तो योग्यच आहे. पण ती विधवा प्रत्यक्ष न्यायाधीशाकडे जात होती हेही मुलांना सांगावे. कॉर्नेलियाबाई तशाच जात राहिल्या. वकिलीचे दार उघडेना, तेव्हा त्यांनी दुसरे दार ठोठावले. १९०२ पासून त्या इंडिया ऑफिसला लिहू लागल्या, की सरकारनेच एखादी कायदा जाणणारी स्त्री नेमावी, आणि तिने पडदानशीन स्त्रिया व अज्ञान मुले यांची बाजू सरकारी अधिकाऱ्यांपुढे मांडावी. अशी जागा कोठेही अस्तित्वात नव्हती. आज आपली मुले जाहिरात पाहून अर्ज भरतात. या बाईंना आधी जागा निर्माण करवून घ्यावी लागली. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या स्त्री साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पदवी मिळून सोळा वर्षे झाली होती, वय सदतीस.

हे कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे, कारण नावात कोर्ट असले तरी ते न्यायालय नव्हे. जमीनदार वारला आणि मागे अज्ञान मूल किंवा कारभार पाहण्यास असमर्थ ठरविलेली विधवा राहिली, तर ती इस्टेट सरकार आपल्या देखरेखीखाली घेत असे. बंगालात याचा कायदा १८७९ चा होता आणि त्यावर महसूल मंडळाची सत्ता चाले. व्यवस्थापक नेमला जाई, सारा वेळेवर भरला जाई, विधवेला नेमणूक बांधून दिली जाई, वारस सज्ञान झाला की इस्टेट त्याच्या हवाली होई. कागदावर व्यवस्था चांगली होती. पडदानशीन स्त्रीच्या सहीच्या बाबतीत तर न्यायालयांचा नियम असा, की दस्तऐवजाचा फायदा घेणाऱ्यानेच सिद्ध करावे की तिला तो समजला होता. पण तिला तो समजला नव्हता, हे न्यायालयापर्यंत येऊन सांगणार कोण? कलेक्टर पुरुष, व्यवस्थापक पुरुष. अंतःपुरातून बाहेर येणारा प्रत्येक शब्द कारभारी, पुरोहित किंवा दीर यांच्या तोंडून यायचा. पडद्यामागून बोलणारी खरोखर तीच बाई आहे की दुसरीच कोणी, हेही साहेबाला ठाऊक नसे.

गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचा वारसा मागतात आणि परमेश्वर त्यांचा दावा मान्य करतो. शिक्षकांनी ही कथा पुन्हा काढून पाहावी. त्या मुली सर्व मंडळीसमक्ष उभ्या राहू शकल्या, म्हणून त्यांना न्याय मिळाला. बंगालच्या या विधवांसाठी कायदा होता, पण त्यांना उभे राहण्यास जागा नव्हती.

कॉर्नेलियाबाईंना पडदा ओलांडता येत होता, हीच त्यांची खरी सनद. रेल्वेने, होडीने, पालखीने त्या दूरदूरच्या वाड्यांवर जात. १९०७ पर्यंत बंगालबरोबर बिहार, ओरिसा व आसाम येथेही त्यांचे काम सुरू झाले होते. अंतःपुरात बसून आधी ऐकायचे. बांधून दिलेली रक्कम हाती पडते का? मुलाला शिक्षक आहे का? आजारी मुलीला औषध मिळते की केवळ गंडेदोरे? दत्तकाचा तंटा काय आहे? तीर्थयात्रेस जायचे तर खर्च कोण अडवितो? मग बाहेर येऊन हे सारे कायद्याच्या भाषेत, साहेबाला नाकारता येणार नाही अशा रीतीने लिहायचे. काम सल्ल्याचे व अहवालाचे. हुकूम काढण्याचा अधिकार इतरांचा. ज्यांनी सरकारी खात्यात काम केले आहे त्यांना यातील दुखणे वेगळे सांगावयास नको. सुमारे अठरा वर्षांच्या या नोकरीत सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांनी साहाय्य केले असे सांगतात. १९०९ साली त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. आम्हांला त्या पदकापेक्षा ते अहवाल मोलाचे वाटतात.

काही वाचक विचारतील की इतक्या घरांत शिरलेल्या या ख्रिस्ती बाईने सुवार्ता का सांगितली नाही. त्या धर्मोपदेशक म्हणून गेल्या नव्हत्या, सरकारी विश्वासाने गेल्या होत्या. आणि ज्या विधवेला आजवर प्रत्येकाने काही तरी साधण्यासाठीच गाठले होते, तिच्याकडून काहीही न साधणारी व्यक्ती प्रथमच आली होती. त्या घरांतील व्रतेवैकल्ये, सोवळेओवळे त्यांनी आदराने पाहिले आणि त्यांविषयी आपुलकीने लिहिले. स्वतःची श्रद्धा त्यांनी कधी लपविली नाही. आमच्या मते त्यांनी उचित तेच केले. त्याच काळात पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढून विधवांना घराबाहेर आसरा दिला. कॉर्नेलियाबाईंचे लक्ष घरातच राहणाऱ्या, बाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रीकडे होते. कोणाचे काम थोर हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही प्रकारच्या विधवा होत्या.

परंतु चरित्र सांगायचे तर सगळेच सांगितले पाहिजे. ज्या सरकारने त्यांना शिष्यवृत्ती नाकारली, सनद नाकारली, त्याच सरकारवर त्यांचा भरवसा अखेरपर्यंत अढळ राहिला. दुर्बळ स्त्रीला इंग्रजांचे राज्यच सांभाळील असे त्यांना वाटे. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला. समाजसुधारकांशीही त्यांचे पटले नाही, कारण कायदा करून रूढी झटकन बदलते हे त्यांना मान्य नव्हते. अंतःपुरातील स्त्रीनेच हळूहळू बदलावे असे त्या मानीत. या मताला निदान अनुभवाचा आधार होता. पण १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचे भारताची निंदा करणारे मदर इंडिया हे पुस्तक निघाले तेव्हा कॉर्नेलियाबाईंनी तिची बाजू घेतली, आणि त्यांच्या समाजसेवेच्या कामात सामील झालेले पुष्कळ लोक त्यांच्यापासून दुरावले. वर्षानुवर्षे जपलेला विश्वास असा गेला. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांचा पक्षपाती, असे त्या काळी सरसकट म्हटले जाई. रेव्ह. ना. वा. टिळकांसारख्यांनी ते आपल्या जीवनाने खोटे ठरविले होते. कॉर्नेलियाबाईंच्या भूमिकेने मात्र त्या आरोपाला बळ मिळाले. हे लिहिताना आम्हांला वाईट वाटते, पण त्यांची थोरवी सांगताना ही बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने अखेर त्यांची वकील म्हणून नोंद केली. १९२२ साली त्यांनी सरकारी काम सोडले. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिलीची मोकळीक मिळाली आणि त्या कलकत्त्याला वकिली करू लागल्या. पण तेथे पुरुषांचा पूर्वग्रह आड आला. न्यायालयात उभे राहण्यापेक्षा लेखी मत तयार करून देण्याचेच काम त्यांच्या वाट्यास आले. पंचावन्न वर्षे ओलांडलेल्या बाईंनी तेही केले. १९२९ साली त्या निवृत्त होऊन लंडनला राहू लागल्या. इंडिया कॉलिंग हे आत्मचरित्र १९३४ चे. दुसऱ्या महायुद्धात, सत्तरी उलटलेली असताना, क्वीन मेरीज बुक फॉर इंडिया हा संग्रह त्यांनी भारतीय सैनिकांच्या साहाय्यासाठी संपादित केला. तो १९४३ साली निघाला. दृष्टी अधू होत गेली होती. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्या निवर्तल्या. २०१२ साली लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेत त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांची पत्रे व रोजनिशा तेथीलच ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवल्या आहेत, आणि नाव कोणालाही ठाऊक नसलेल्या कित्येक विधवांची गाऱ्हाणी त्यांत नोंदलेली आहेत.