फिश टँक घरोघरी नेणाऱ्या गॉस यांची खंत

फिश टँकमागे बसवायचा खडकासारखा थ्रीडी बॅकग्राउंड आज तयार मिळतो. पण सुमारे १७० वर्षांपूर्वी हौशी लोक खरे खडकच किनाऱ्यावरून फोडून आणायचे. ही हौस लावली फिलिप हेन्री गॉस यांनी.

गॉस यांचा जन्म १८१० मध्ये इंग्लंडमधल्या वूस्टरचा. सतराव्या वर्षी ते कारकून म्हणून न्यूफाउंडलंडला गेले आणि तिथे कीटकांच्या अभ्यासात रमले. १८५२ मध्ये तब्येतीसाठी ते डेव्हनच्या किनाऱ्यावर आले. समुद्री वनस्पती ऑक्सिजन सोडतात, म्हणून त्या सोबत ठेवल्या तर काचेच्या टाकीत समुद्री जीव जगतात, हे त्यांनी करून दाखवलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय सुरू झालं, त्यासाठी त्यांनी जीव पुरवले. १८५४ मध्ये त्यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ झाला.

मग वाचक छिन्नी-हातोडी घेऊन किनाऱ्यावर उतरले. खडक, शेवाळ, समुद्रफुलं ओरबाडली गेली आणि जिवंत डबकी ओसाड पडली. गॉस १८८८ मध्ये गेले. आपल्याच पुस्तकांमुळे किनारा उजाड झाल्याची खंत त्यांना होती, असं मुलगा एडमंड यांनी १९०७ च्या 'फादर अँड सन'मध्ये नोंदवलंय.

म्हणूनच टँकमागचा फोमचा खडक नकली असला, तरी त्यासाठी कुठला किनारा फोडावा लागत नाही.