बदल केला? मग वहीतही करा!

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवाळीला आली तेव्हा वैतागून सांगत होती, प्रोग्रॅम सारखा बदलतो. पण तो कसा चालतो हे लिहिलेली माहिती कुणी बदलत नाही. नवा माणूस जुनंच वाचतो आणि फसतो. मला आमच्या बचत गटाची वही आठवली. हप्ता वाढवला, पण पहिल्या पानावर जुनाच आकडा राहिला. केवढी भांडणं झाली, बाई! आणि आठवली ॲडा लव्हलेस.

ॲडा ही कवी लॉर्ड बायरन यांची मुलगी. जन्म लंडनचा, १८१५ चा. ती जेमतेम महिन्याची असताना आईवडील वेगळे झाले. आईने तिला लहानपणापासून गणिताचे शिक्षक लावले. सतराव्या वर्षी तिची चार्ल्स बॅबेज यांच्याशी ओळख झाली. पुढे त्यांनी वाफेवर चालणाऱ्या, हवं ते गणित करणाऱ्या यंत्राची योजना आखली. त्यावरचा एक फ्रेंच लेख ॲडाने इंग्रजीत आणला आणि १८४३ मध्ये स्वतःच्या टिपांसह छापला. टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट! घरात तीन लहान मुलं, तब्येत नाजूक, तरी.

त्यात एक मोठं कोष्टक आहे. यंत्राने कोणती पायरी कधी करायची, ते त्यात ओळीने मांडलंय. आकडा ठेवायच्या प्रत्येक खणाला नाव दिलंय. शिवाय त्यातला आकडा कितव्यांदा बदलला, हे सांगणारा बारीकसा अंक नावाच्या डोक्यावर. म्हणजे बदलाची नोंद तिथल्या तिथे! बॅबेज यांची एक मोठी चूक तिने पकडली. त्यांनी तिच्या टिपेत परस्पर फेरफार केला, तेव्हा ती चांगलीच रागावली.

एवढी काटेकोर बाई; तरी छापलेल्या कोष्टकात चौथ्या पायरीचा भागाकार उलटा पडलाय. त्या पायऱ्या आज संगणकावर जशाच्या तशा चालवल्या, तर उत्तर चुकतं. तेव्हा मात्र पडताळून बघणार कशावर? ते यंत्र कधी पुरं झालंच नाही. १८५२ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने ॲडा गेली.

लिहिलेलं वेळच्या वेळी बदलावं लागतं आणि प्रत्यक्षाशी ताडूनही बघावं लागतं. आता आमच्या गटात दर बैठकीला एकजण वही मोठ्याने वाचते आणि दुसरी पेटीतले पैसे मोजते. तेव्हापासून भांडण नाही बघा!