विश्लेषण : वासुदेव बळवंत फडके यांचे बंड दुष्काळातून कसे उभे राहिले?

कल्याणच्या फडके मैदानावर राजकीय सभा होतात, गणपतीला कोकणात जाताना पळस्पे फाट्यावर गाडी अडकते आणि मोरिवली एमआयडीसीत शिफ्ट संपवून अंबरनाथ स्थानकात येणारा कामगार कर्जतहून आलेली लोकल पकडतो. मैदानाला नाव मिळाले ते वासुदेव बळवंत फडके यांचे. पळस्पे परिसरात त्यांच्या माणसांनी १८७९मध्ये दरोडा घातला होता. आणि अंबरनाथवरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गाने बोरघाट चढून दख्खनच्या दुष्काळी भागात धान्य जात होते. आद्य क्रांतिकारक म्हणून फडके सर्वांना माहीत आहेत. पण त्यांना बंदूक हाती घ्यायला लावणारा १८७६ ते १८७८चा दुष्काळ मात्र आपल्या आठवणीतून जवळपास पुसला गेला आहे.

युक्रेनमध्ये नेमके उलटे घडले. तिथे १९३२-३३मध्ये सोव्हिएत सत्तेने धान्याची सक्तीची वसुली केली, कोटा पूर्ण न करणाऱ्या गावांची नाकेबंदी केली आणि भुकेल्या शेतकऱ्यांना गाव सोडून जाण्यासही मनाई केली. त्यात सुमारे ३५ ते ३९ लाख माणसे मेली, असे अनेक अभ्यासक मानतात. सोव्हिएत काळात त्याबद्दल उघड बोलता येत नव्हते. आज त्या दुष्काळाला ‘होलोडोमोर’ म्हणतात. नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी तिथे घराघरांत मेणबत्त्या लावल्या जातात, शाळांत तो शिकवला जातो. युक्रेनच्या संसदेने २००६मध्ये कायदा करून त्याला वंशसंहार ठरवले. आपल्या दुष्काळाचा असा एकही दिवस नाही. फडके यांची पुण्यतिथी मात्र आहे, १७ फेब्रुवारी.

फडके कोण होते?

शिरढोण हे पनवेलजवळचे गाव. तिथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव यांचा जन्म झाला. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. कुस्ती आणि घोडेस्वारी यांची वासुदेव यांना लहानपणापासून आवड. सुरुवातीचे शिक्षण कल्याणला झाले, पुढचे मुंबई-पुण्यात. मग पोटापाण्यासाठी नोकऱ्या. जीआयपी रेल्वेत काही काळ, ग्रँट मेडिकल कॉलेजात काही काळ आणि शेवटी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. तिथे ते अनेक वर्षे टिकले.

आई सरस्वतीबाई आजारी असल्याचे कळल्यावर त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. ते रजेविना निघाले, पण पोहोचेपर्यंत आई गेली होती. त्यांच्या बहुतेक चरित्रांत हा प्रसंग बंडाचे मूळ म्हणून सांगितला जातो. तो खरा आहे, माणूस म्हणून चटका लावणारा आहे. पण एवढ्याने कोणी फौज उभारत नाही, आणि फडके यांनी त्यानंतरही कित्येक वर्षे तीच नोकरी केली.

त्या वर्षांत पुणे बदलत होते. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. न्या. महादेव गोविंद रानडे देशाच्या दारिद्र्यावर आणि देशी व्यापारावर व्याख्याने देत. फडके ती ऐकत, स्वदेशीची शपथ घेत आणि लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा, नेमबाजी शिकत. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन, म्हणजे आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी, हिच्या संस्थापकांमध्ये वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत त्यांचे नाव घेतले जाते. रस्त्यात थाळी वाजवत ते स्वतःच्या भाषणाची जाहिरात स्वतःच करीत, असे सांगतात. कारकुनी सुटलेली नव्हती.

दुष्काळ ‘मानवनिर्मित’ कसा?

पाऊस १८७६मध्ये पडला नाही, हे खरेच. सोलापूर, विजापूर, नगर, सातारा, पुणे या पट्ट्यात पिके गेली. मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान यांचीही तीच गत झाली. स्टालिनच्या माणसांनी शेतकऱ्यांच्या कोठारातून धान्य उचलून नेले, तसे इथे झाले नाही. म्हणून दोन दुष्काळ एकच आहेत असे म्हणणे चुकीचे ठरेल. इथला प्रश्न वेगळा होता: पाऊस गेल्यावर सरकारने काय केले?

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे सरकार धान्याच्या बाजारात हात घालायला तयार नव्हते. भाव चढले की व्यापारी आपणहून माल आणतील, हा सिद्धांत. मुंबई बंदरातून रेल्वेने धान्य घाटावर पोहोचलेही. पण हाताला काम नाही, जनावरे विकली गेलेली, भांडीकुंडी सावकाराकडे. अशा माणसाला चढ्या भावाचे धान्य बाजारात असून काय उपयोग? धान्य होते, ते विकत घ्यायला पैसा नव्हता. याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला गव्हाची निर्यात चालूच राहिली आणि ती सुमारे ३ लाख २० हजार टनांवर गेली. जमिनीचा सारा थांबवला तरी माफ होणे दुर्मीळ. तो पुढे थकबाकी म्हणून डोक्यावर बसे.

सर्वांत बोलका भाग मजुरीचा. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने १८७४मध्ये बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून लोक वाचवले होते. मृत्यू फार थोडे झाले. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी फार खर्च केला म्हणून टीका झाली. तेच टेंपल जानेवारी १८७७मध्ये दुष्काळाची पाहणी करायला आले आणि त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. बायका आणि कामावरची मुले यांना त्याहून कमी. दिवसभर खडी फोडून, माती वाहून हे मिळायचे. शिवाय गावाजवळचे काम सोडून लांबच्या कामावर जा, ही अट. खरा गरजू असेल तो चालत येईल, असा त्यामागचा हिशेब होता.

मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारली आणि कामे सोडून दिली. उपाशी माणसांनी संप केला. सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. सभेचे प्रतिनिधी तालुक्यांतून माहिती पाठवत होते आणि सभा ती छापून सरकारपुढे ठेवत होती. सरकारी आकड्यांना उत्तर देणारे ते वृत्तान्त नसते, तर आज आपल्या हाती या दुष्काळाची एकच बाजू उरली असती.

राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करणारा दिल्ली दरबार याच दुष्काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, थाटात भरला. तिथे सार्वजनिक काका हाताने कातलेल्या खादीचा साधा पोशाख करून गेले होते.

किती माणसे मेली? ब्रिटिश मुलखापुरता नेहमी दिला जाणारा आकडा ५५ लाखांच्या आसपास आहे. काही अभ्यासक देशभराचा आकडा त्याच्या बराच वर नेतात. मोजदादच धड नव्हती. वेशीबाहेर, रस्त्याकडेला, मोडशी आणि पटकीने गेलेल्यांची नोंद कोण करणार?

कारकुनाने शस्त्र का उचलले?

फडके या भागात हिंडले. गावे ओस पडलेली त्यांनी पाहिली. पुढे लिहिलेल्या आत्मचरित्रात आणि रोजनिशीत त्यांनी आपल्या बंडाचे कारण म्हणून या उपासमारीकडेच बोट दाखवले आहे. आईच्या आठवणीतला राग आणि लष्करी हिशेबाच्या वह्यांत रोज दिसणारा खर्च यांच्यामध्ये आता उपाशी गावे आली होती.

पुण्यातल्या सुशिक्षितांनी त्यांना साथ दिली नाही. मोजके तरुण सोडले तर सोबत आले ते रामोशी, आणि कोळी, मांग समाजातली माणसे. रामोशी पूर्वापार गावाचे आणि गडाचे राखणदार. पेशवाई गेल्यावर त्यांचे हक्क गेले, दुष्काळाने उरलेसुरले नेले. उमाजी नाईकांना १८३२मध्ये फाशी झाली होती. ती आठवण अजून ताजी होती. दौलतराव नाईक हे फडके यांचे सर्वांत भरवशाचे सरदार.

फेब्रुवारी १८७९मध्ये लोणीजवळ टोळी जमली आणि २३ तारखेला शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. हाती लागले सुमारे ४०० रुपये. फौज उभारायला निघालेल्या माणसासाठी ही रक्कम काहीच नव्हती, पण सरकारदरबारी ‘दरोडेखोर’ हा शिक्का बसायला ती पुरली. त्यानंतर पुणे जिल्ह्यात छाप्यांमागून छापे पडले. सावकारांच्या घरांवर रोख असे. चारच वर्षांपूर्वी, १८७५मध्ये, सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. त्यामुळे गावागावांत फडके यांना आसरा मिळत गेला. पण लुटीचा पैसा देशकार्यासाठी साठवायचा की पोटासाठी वाटून घ्यायचा, यावरून टोळीत कुरबूर होती, आणि फडके त्यामुळे निराशही झाले. त्यांनी सोबत्यांना दोष दिला. दुष्काळातून उठून आलेल्या माणसांकडून त्यांची ही अपेक्षा जरा जास्तच होती, असे आज वाचताना वाटते.

त्याच धामधुमीत ते श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले आणि तिथे आत्मचरित्र लिहिले. मे महिन्यात त्यांनी जाहीरनामा काढून तो गव्हर्नर, कलेक्टर यांना पाठवला. लोकांना काम द्या, कर कमी करा, देशी व्यापाराला वाव द्या, बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार कापा, अशा त्यातल्या मागण्या. सरकारने त्यांच्यावर इनाम लावले, तर त्यांनी उलट गव्हर्नरवरच इनाम लावले. आणि मुंबईचा गव्हर्नर तेव्हा कोण होता? रोज एक पौंड धान्याची मजुरी ठरवणारे तेच रिचर्ड टेंपल.

पळस्प्यानंतर काय झाले?

दौलतराव नाईकांच्या तुकडीने १० आणि ११ मे रोजी कोकणात उतरून पळस्पे आणि परिसरात छापे घातले. लूट दीड लाख रुपयांच्या घरात होती असे सांगतात. घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव मारले गेले. इथून बंडाचा कणा मोडला. त्याच आठवड्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या. फडके यांचा त्यांच्याशी संबंध नव्हता, तरी संशयाचे वातावरण असे पसरले की न्या. रानडे यांचीही धुळ्याला बदली झाली.

फडके निजामाच्या मुलखात गेले, रोहिल्यांची फौज जमवण्याच्या खटपटीला लागले. मात्र २० जुलै १८७९ रोजी तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी गावात, तापाने फणफणलेले असताना, ते झोपेत पकडले गेले. खटला पुण्यात चालला. बचावाला सार्वजनिक काका उभे राहिले. ज्यांनी अर्ज-विनंत्यांनी दुष्काळाविरुद्ध लढा दिला, त्यांनीच बंदुकीने लढलेल्याचे वकीलपत्र घेतले. सरकारकडे सर्वांत मोठा पुरावा होता तो फडके यांच्याच हातची रोजनिशी आणि आत्मचरित्र. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची. त्यांना अंदमानला न पाठवता एडनला ठेवले गेले.

एडनच्या तुरुंगातून कोठडीचे दार बिजागरीतून काढून ते एकदा पळाले, पण त्या वाळवंटात लपायला ना झाड ना ओळखीचे गाव. लगेच पकडले गेले. पुढे पायांत बेड्या, कडक पहारा, खंगत गेलेली प्रकृती आणि अन्नत्याग. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते गेले, तेव्हा वय ३७ वर्षांचे होते. सार्वजनिक काका त्याआधीच, जुलै १८८०मध्ये वारले होते.

मागे काय उरले?

शेतकऱ्यांना सावकारी पाशातून काहीसा दिलासा देणारा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा १८७९मध्येच झाला. दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर १८८०च्या दशकात दुष्काळ संहिता आल्या. टंचाई जाहीर कधी करायची, कामे कुठे काढायची, मजुरी किती द्यायची याचे नियम त्यात होते. तरीही १८९६ आणि १८९९मध्ये पुन्हा लाखो माणसे मेली, कारण नियम पुस्तकात होते आणि पैसा सोडणारा हात आखडलेला. स्वातंत्र्यानंतर १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडणारे लोक आणि सुकडी हे चित्र दिसले, पण १८७७सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. त्यातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या अनेक घरांतल्या आजी-आजोबांना ती सुकडी आठवत असेल. त्यांच्या आजी-आजोबांनी काय खाल्ले, हे मात्र विचारायचे राहून गेले.

दौंड-मनमाड लोहमार्गाच्या भरावाचे काम त्या दुष्काळी मजुरांनी केले. आजही त्यावरून गाड्या धावतात. टपाल खात्याने १९८४मध्ये फडके यांचे तिकीट काढले. शिरढोणला त्यांचे घर आणि स्मारक आहे. मोरिवलीहून काटई, तळोजा, पनवेल असे जाऊन पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्गाला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे ते गाव लागते.