जंतू वेगळे ओळखायला शिकवणाऱ्या रॉबर्ट कॉखची निम्मी लॅब स्वयंपाकघरातून आली होती

धिंगरी मशरूमचं बियाणं तयार करणाऱ्या लॅबमध्ये पहिलं काम काय असतं माहितीये का? बटाटे उकळायचं. त्या पाण्यात साखर आणि अगर घालून जेली करतात आणि त्यावर मशरूमचा तुकडा वाढवतात. उलटंही होतं. मशरूममध्ये प्रथिनं, शर्करा आणि क्षार असतात, त्यामुळे महागड्या तयार खाद्याऐवजी मशरूमच्या अर्कावर जंतू वाढवता येतात.

स्वस्तातल्या खाण्यावर जंतू पोसायची ही युक्ती गाजवली ती रॉबर्ट कॉखने.

जन्म ११ डिसेंबर १८४३, जर्मनीतल्या क्लाउस्थालचा. डॉक्टर झाला आणि १८७२ मध्ये वोलस्टाइन नावाच्या छोट्या गावात सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून लागला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. पेशंट तपासून झाले की घरीच प्रयोग चालायचे. आसपासची जनावरं काळपुळीने म्हणजे अँथ्रॅक्सने मरत होती. उंदरांना टोचायला त्याने लाकडाच्या टोकदार काड्या वापरल्या आणि जंतू वाढवायला कापलेल्या बैलाच्या डोळ्यातलं पाणी. एवढ्याशा सामानावर त्याने १८७६ मध्ये या जंतूचं पूर्ण जीवनचक्र मांडलं.

पण खरी अडचण पुढेच होती. पातळ रश्श्यात दहा जातींचे जंतू एकत्र वाढतात. मग रोग नेमका कुणामुळे झाला, हे सांगणार कसं?

१८८० मध्ये कॉख बर्लिनला सरकारी आरोग्य कार्यालयात आला. इथे त्याने उकडलेल्या बटाट्याचे काप हाताशी घेतले. कापावर जंतू जिथे पडतो तिथेच वाढतो आणि त्याचा वेगळा ठिपका तयार होतो. एक ठिपका म्हणजे एकच जात. बटाट्याचा कल्पक वापर त्याच्याआधी श्र्योटर नावाच्या शास्त्रज्ञानेही केला होता, पण त्यातून सगळ्यांना वापरता येईल अशी पद्धत उभी केली ती कॉखने.

बटाट्याचे तोटेही होते. त्यातून आरपार दिसत नाही आणि माणसाला आजारी पाडणारे बरेच जंतू त्यावर वाढतच नाहीत. म्हणून त्याने मांसाच्या रश्श्यात जिलेटिन घालून पारदर्शक थर केला. आता नवीनच पंचाईत. अंगाच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, जिलेटिन वितळतं.

यावर उतारा सापडला एका गृहिणीकडे. कॉखच्या सहकाऱ्याची, वाल्थर हेसेची बायको फॅनी, मुरांबे आणि जेलीत अगर घालायची. आपल्याकडे पुडिंगसाठी मिळणारं चायना ग्रास ते हेच. समुद्री शेवाळापासून बनतं आणि उन्हाळ्यातही घट्ट राहतं. फॅनीने ते सुचवलं आणि नवऱ्याने कॉखला कळवलं. कॉखने १८८२ च्या लेखात अगरचा उल्लेख केला, हेसे दांपत्याचं नाव मात्र घेतलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला हे शोभलं नाही.

२४ मार्च १८८२ ला त्याने टीबीचा जंतू जगासमोर ठेवला. कॉखने दिलेल्या आकड्यानुसार तेव्हा दर सात मृत्यूंपैकी एक टीबीने व्हायचा. हा जंतू अतिशय हळू वाढतो, म्हणून त्याच्यासाठी रक्तातलं पाणी म्हणजे सीरम तापवून घट्ट केलं आणि कित्येक दिवस वाट पाहिली.

१८८३ च्या शेवटी तो कॉलराच्या मागावर कलकत्त्याला पोचला आणि १८८४ मध्ये तिथे स्वल्पविरामासारखा दिसणारा जंतू जिलेटिनवर वेगळा काढला. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत तो मुंबईतही आला होता.

सगळं सरळ झालं असंही नाही. १८९० मध्ये त्याने ट्यूबरक्युलिन हा टीबीवरचा उपाय म्हणून जाहीर केला. त्यात काय आहे हे सुरुवातीला लपवून ठेवलं. आशेने पेशंट बर्लिनला धावले, पण औषध फसलं आणि काही जणांचे जीवही गेले. तेच ट्यूबरक्युलिन नंतर टीबीच्या तपासणीसाठी मात्र उपयोगी पडलं.

१९०५ मध्ये टीबीवरच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं. २७ मे १९१० ला बाडेन-बाडेनला तो गेला. फॅनी हेसे त्यानंतर २४ वर्षं जगली. तिने सुचवलेलं अगर तोवर जगभरच्या लॅबमध्ये पोचलं होतं, पण त्यातून तिला एक पैसाही मिळाला नाही.