डोळ्याने डोळ्याचा अभ्यास : सर चंद्रशेखर वेंकट रामन



२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन आला की सर रामन यांचे नाव आपण सारे घेतो. १९२८ साल, रामन परिणाम आणि १९३० चे नोबेल पारितोषिक एवढे बहुतेकांना पाठ असते. हिंदी माध्यमात शिकताना आम्हालाही तेवढेच शिकवले होते. परंतु सत्तरी उलटल्यावर आयुष्याची अखेरची वर्षे या माणसाने एका वेगळ्याच प्रश्नाला दिली. आपल्याला रंग दिसतात, म्हणजे नेमके काय घडते?

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. १९०७ मध्ये एम. ए. होऊन ते सरकारच्या वित्त विभागात अधिकारी म्हणून कलकत्त्याला गेले. दिवसा हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजार रस्त्यावरील विज्ञान संस्थेत प्रयोग, असा त्यांचा क्रम असे. मध्यंतरी रंगून आणि १९१० मध्ये नागपूर येथे बदली झाली. नागपूरचा उल्लेख मुद्दाम केला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भोपाळ राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर जी मराठी कुटुंबे इकडे आली, त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्या वर्गांत बसतात. १९१७ मध्ये रामन यांनी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठात कमी पगाराचे प्राध्यापकपद घेतले. याचा विचार पालकांनी सवडीने करावा!

१९२८ च्या शोधातही डोळा हेच मुख्य उपकरण होते. सूर्यप्रकाश जांभळ्या काचेतून गाळून द्रवावर सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने हिरव्या काचेतून पाहायचे. जांभळा प्रकाश हिरव्या काचेतून यायला नको. तरीही अंधुक उजेड दिसला. म्हणजे द्रवात प्रकाशाचा रंग बदलला होता. सहकारी के. एस. कृष्णन यांच्यासह हे काम झाले. अंधारात डोळे सरावेपर्यंत बसून राहण्याची चिकाटी त्यामागे होती.

पुढे रामन बंगलोरला गेले आणि १९४८ मध्ये त्यांनी तिथे स्वतःची संशोधन संस्था उभी केली. हिरे, खनिजे, फुलपाखरांचे पंख, बागेतले गुलाब, सारे त्यांनी रंगांसाठी न्याहाळले. फुलांवरूनच ते दृष्टीकडे वळले. त्यांचा एक प्रयोग फार सुंदर आहे. डोळ्यासमोर रंगीत काच धरून उजळलेल्या पांढऱ्या पडद्यावरील एका बिंदूकडे टक लावायची आणि काच झटकन दूर करायची. क्षणभर पडद्यावर एक आकृती उमटते, मध्यभागी वेगळा गोल. रामन यांच्या मते ते आपल्याच दृष्टिपटलाचे चित्र होते. (मुलांनो, सूर्याकडे मात्र कधीही असे पाहू नका.)

यावरून त्यांनी जो सिद्धांत मांडला, तो मात्र टिकला नाही. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचे म्हणणे असे की डोळ्यात तीन प्रकारचे ग्राहक असतात आणि त्यांच्या मेळातून सारे रंग दिसतात. रामन यांना हे मान्य नव्हते. पण १९६४ मध्ये अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी एकेका शंकुपेशीत किती प्रकाश शोषला जातो हे मोजले आणि तीनच प्रकार आढळले. त्याच सुमारास ह्यूबेल आणि वीझेल मांजराच्या मेंदूत सूक्ष्म तारा घालून, कोणती पेशी कोणत्या दिशेच्या रेषेला प्रतिसाद देते ते टिपत होते. दृष्टीचा अभ्यास डोळ्यातून मेंदूत शिरला होता आणि तिथे नुसत्या डोळ्याने पाहून भागणार नव्हते. रामन यांनी आपले मत सोडले नाही. १९६८ मध्ये दृष्टीच्या शरीरक्रियेवर त्यांचे पुस्तक निघाले, पण जाणकारांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. माझ्या मते त्यांची निरीक्षणे पुष्कळदा खरी होती, चूक होती ती त्यांवरून काढलेल्या निष्कर्षांत. नोबेल मिळाले म्हणून प्रत्येक मत बरोबर ठरत नाही, हेही मुलांना सांगायला हवे.

दरवर्षी २ ऑक्टोबरला ते आपल्या संस्थेत गांधी स्मृती व्याख्यान देत. १९७० चे व्याख्यान कानावर होते, आपण ऐकतो कसे यावर. तरुणपणी तबला आणि मृदंग यांच्या शाईमुळे त्यांचा नाद सुरेल कसा होतो, हे त्यांनीच दाखवले होते. ब्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ते पुन्हा ध्वनीकडे आले होते. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी एक झाड लावले गेले.