आईने मागितलेली गीता वर्ध्यात तयार झाली, पण ती ऐकायला आई नव्हती!

विनोबा भावे म्हटलं की आपल्याला भूदान आठवतं. पण वर्ध्याजवळच्या पवनारला गेलात तर त्यांची वेगळीच खूण कानावर पडते. ना पेटी, ना तबला. सगळे एकत्र बसून एका सुरात गीताई म्हणतात.

ही गीताई आली कुठून?

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कोकणातल्या गागोद्याचा. आई रुक्मिणीबाई घरकाम करता करता भजनं म्हणायच्या. त्यांना गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हतं. विनोबांनी मराठी पद्यातलं एक भाषांतर आणून दिलं, तेही अवघड निघालं. मग तूच का लिहीत नाहीस, असं आईने विचारलं.

१९१८ मध्ये आई गेली. विनोबा तोवर गांधीजींकडे पोचले होते. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम सांभाळायला पाठवलं. आईचं मागणं राहूनच गेलं होतं. अखेर ७ ऑक्टोबर १९३० ला त्यांनी लिहायला घेतलं आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला ७०० श्लोक मराठीत पूर्ण केले.

आता यातली खरी गंमत. बहुतेक श्लोकांत एका चरणात आठच अक्षरं आहेत. चरण लवकर तोंडात बसतो आणि श्वास घ्यायची जागा सगळ्यांची एकच येते. त्यामुळे शंभर जणांनी म्हटलं तरी ठेका धरायला वाद्य लागत नाही. वाचता न येणारी बाईसुद्धा ऐकून ऐकून पाठ करू शकते. विनोबांच्या आईला हेच तर हवं होतं.

१९३२ मध्ये पहिली आवृत्ती निघाली तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. किंमत होती एक आणा. त्याच तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली.

पुढे १९५१ पासून भूदानाची पदयात्रा सुरू झाली, देशभर नाव झालं. आणीबाणीतल्या भूमिकेवरून टीकाही झाली, आणि ती विनाकारण नव्हती. पण या सगळ्यात १९५९ मध्ये त्यांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं, हे सहसा सांगितलं जात नाही. तिथली सामूहिक प्रार्थना या बहिणींनीच चालवली.

१९८० मध्ये वर्ध्याच्या गोपुरीत गीताई मंदिर उभं राहिलं. त्यात मूर्ती नाही, छप्परही नाही. उभ्या शिळांवर गीताईचे श्लोक कोरलेत. दोन वर्षांनी, अन्न आणि औषध सोडून, १५ नोव्हेंबर १९८२ ला विनोबा पवनारलाच गेले. त्या दिवशी दिवाळी होती.