तोयोहिको कागावा : वस्तीत राहिलेला पाद्री आणि त्याने न ओळखलेली जात

परदेशातील लढ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग आणि ब्लॅक पँथर ही नावे हमखास येतात. जपानच्या तोयोहिको कागावांचे नाव क्वचितच ऐकू येते. ते ख्रिस्ती पाद्री होते, तसेच कामगार, शेतकरी आणि ग्राहकांचे संघटकही होते. वस्तीत काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी त्यांचे आयुष्य जरूर समजून घ्यावे. त्यांनी जे उभे केले त्यासाठी, आणि त्यांचे जे चुकले त्यासाठीही.

कागावांचा जन्म 10 जुलै 1888 रोजी कोबे शहरात झाला. वडील सधन व्यापारी, पण आई त्यांची लग्नाची बायको नव्हती. लहानपणीच आई-वडील दोघेही गेले. वडिलांच्या घरी सावत्र आई आणि आजीजवळ ते वाढले, मात्र परके म्हणूनच. शाळेत असताना अमेरिकन मिशनऱ्यांशी ओळख झाली, 1904 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नातेवाइकांचा आधार तुटला. पुढे क्षयाने गाठले. आपण फार जगणार नाही असे वाटत असतानाच त्यांनी ठरवले की उरलेले दिवस गरिबांत काढायचे.

24 डिसेंबर 1909 रोजी, वयाच्या 21 व्या वर्षी, धर्मशिक्षण घेत असतानाच ते कोबेच्या शिंकावा वस्तीत राहायला गेले. खोली अगदी लहान. तिथे पूर्वी खून झाला होता आणि भूत आहे म्हणून ती कोणी भाड्याने घेत नव्हते. आजारी, बेघर, दारुडे अशा माणसांना त्यांनी त्याच खोलीत आसरा दिला. नकोशी झालेली तान्ही मुले थोडे पैसे घेऊन सांभाळायला घ्यायची आणि उपाशी मारायची, असा धंदा त्या वस्तीत चालत असे. अशाच एका बाळाला त्यांनी वाढवण्याचा प्रयत्न केला. तिथेच त्यांना खुपऱ्या झाल्या आणि दृष्टी कायमची अधू झाली. 1913 मध्ये त्यांनी छापखान्यात काम करणाऱ्या हारू शिबा यांच्याशी लग्न केले. पुढील सगळ्या कामात हारू बरोबरीने उभ्या राहिल्या.

1914 ते 1917 या काळात कागावा अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकले. न्यूयॉर्कमध्ये कपडे शिवणाऱ्या कामगारांचा प्रचंड मोर्चा पाहून त्यांच्या विचाराला कलाटणी मिळाली. एकेका माणसाला जेवू घालून गरिबी हटत नाही, गरिबांना स्वतःची संघटना लागते, हे त्यांना उमगले. परतल्यावर त्यांनी कामगार संघटना बांधायला घेतल्या. 1920 मध्ये आलेली त्यांची आत्मकथनात्मक कादंबरी प्रचंड खपली आणि तो पैसा चळवळीत गेला. 1921 मध्ये कोबेच्या कावासाकी आणि मित्सुबिशी जहाजबांधणी कारखान्यांत सुमारे 30,000 कामगारांचा संप झाला. नेतृत्व करणाऱ्या कागावांना अटक झाली आणि संप फसला. पण त्याच वर्षी त्यांनी उभारायला मदत केलेली ग्राहक सहकारी संस्था टिकली. आजची को-ऑप कोबे ही जपानमधील मोठ्या ग्राहक संस्थांपैकी एक आहे. 1922 मध्ये सुगियामा मोतोजिरो या दुसऱ्या पाद्रीसोबत त्यांनी कुळांसाठी जपान शेतकरी संघटना काढली.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. शिंकावातील बरेच लोक बुराकुमिन होते. कातडी कमावणे, जनावरे कापणे ही कामे पिढ्यान्पिढ्या करणारे जपानचे अस्पृश्य. 1871 च्या सरकारी हुकमाने त्यांचा हीन दर्जा कागदावर संपला, व्यवहारात संपला नाही. बौद्ध म्हणवणाऱ्या त्या समाजात मंदिरेही त्यांच्या मृतांना अपमानकारक धर्मनामे देत असत. हे आपणही डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे.

आणि कागावांनी काय केले? 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गरिबांच्या मानसिकतेवरील ग्रंथात त्यांनी बुराकुमिन हे वेगळ्या वंशाचे आणि गुन्हेगारीकडे झुकलेले लोक असल्याचे मांडले. ज्यांच्यासोबत एका छताखाली राहिले, त्यांच्याच रक्तात त्यांनी दोष शोधला. त्यांच्या मृत्यूनंतर बुराकू मुक्ती चळवळीने या लिखाणावर आक्षेप घेतला आणि जपानमधील चर्चला त्याचा विचार करावा लागला.

खरे उत्तर मात्र बुराकुमिनांनी आधीच दिले होते. 3 मार्च 1922 रोजी, म्हणजे आपल्या महाडच्या सत्याग्रहापूर्वी पाच वर्षे, क्योटोत सुइहेइशा ही त्यांची स्वतःची संघटना स्थापन झाली. तिचे एक संस्थापक साइको मानकिची बौद्ध मंदिराच्या घरातले होते. हे तरुण कागावांना भेटत, त्यांच्याकडून शिकत. पण दया नको, सन्मान हवा, ही भूमिका त्यांची स्वतःची होती. त्यांनी होंगान्जीसारख्या बलाढ्य बौद्ध पीठालाही जाब विचारला.

मी समाजशास्त्रात एम.ए. करून एका संस्थेत लागले, तेव्हा सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये कुटुंबाची व्यसने आणि गुन्हे यांचे रकाने होते. पाणी किती वाजता येते, रोजगार किती दिवस मिळतो, याला रकानाच नव्हता. मी आपल्याच माणसांचे ते फॉर्म महिनोन्महिने मुकाट भरले. कागावांबद्दल वाचताना तो फॉर्म आठवला. पुस्तकी विद्या शिकलेल्या डोळ्यांवर किती सहज झापड घालते!

कागावांचे उरलेले आयुष्यही सरळ रेषेत गेले नाही. 1923 च्या भूकंपानंतर ते तोक्योत मदतकार्याला धावले. 1938 च्या अखेरीस मद्रासजवळील तांबरमच्या ख्रिस्ती परिषदेसाठी ते भारतात आले आणि गांधींनाही भेटले. त्याच नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईत कामगारांचा मोठा संप घडवला होता. जपानने चीनवर केलेल्या आक्रमणाबद्दल चिनी जनतेची माफी मागणाऱ्या कागावांना 1940 मध्ये लष्करी पोलिसांनी पकडले. तरीही युद्धाच्या शेवटी त्यांनी रेडिओवरून अमेरिकेविरुद्ध भाषणे केली. 23 एप्रिल 1960 रोजी तोक्योत त्यांचे निधन झाले.

असा माणूस पूजेला बसवू नये आणि फेकूनही देऊ नये. वस्तीत राहण्याची त्यांची जिद्द घ्यावी, दुकानापासून शेतापर्यंत संघटना बांधण्याचे कसब घ्यावे. आपल्या लोकांची ओळख सांगण्याचे काम मात्र दुसऱ्यावर सोपवू नये, मग तो कितीही भला असो. बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवले आहे. पुढच्या वेळी कोणी तुमच्या वस्तीत फॉर्म घेऊन आले, तर भरण्यापूर्वी त्यातले रकाने वाचा.

नमो बुद्धाय. जय भीम.